माणसाएवढा फोटो : स्वतःसमोर उभे राहण्याच्या तयारीचा इतिहास

१/
बर्लिनमध्ये एक कॅमेरा असा आहे की तो हातात धरता येत नाही. माणसालाच त्याच्या आत जावे लागते. त्याचे नाव ‘इमागो’. त्यातून निघणारे कृष्णधवल छायाचित्र ६२ सेंटिमीटर रुंद आणि २०० सेंटिमीटर उंच असते, म्हणजे माणूस जेवढा तेवढाच फोटो. निगेटिव्ह नाही, दुसरी प्रत नाही आणि कळ दाबणारा हात फोटोतल्याच माणसाचा. अशा फोटोसाठी उभे राहण्यापूर्वी कोणती तयारी करावी? या साध्या प्रश्नाच्या उत्तरासाठी थेट १८३९ पर्यंत मागे जावे लागते. #इतिहास #थ्रेड

२/
प्रथम या यंत्राविषयी. १९७० च्या दशकात म्युनिकमध्ये भौतिकशास्त्रज्ञ वेर्नर क्राउस आणि सुवर्णकार एर्हार्ड ह्योस्ले यांनी हा कॅमेरा घडवला. पुढे त्याला लागणारा विशेष कागद बाजारातून नाहीसा झाला आणि यंत्र पडून राहिले. क्राउस यांची कन्या, अभिनेत्री सुझाना क्राउस यांनी अनेक वर्षांनी ते पुन्हा चालू केले. त्यांची खरी अडचण होती ती कागदाची. अखेर इलफर्डने तसा कागद पुन्हा बनवल्यावर कॅमेऱ्याला नवे आयुष्य मिळाले.

३/
या कागदाला ‘डायरेक्ट पॉझिटिव्ह’ म्हणतात. नेहमीच्या फिल्मवर आधी उलटी प्रतिमा उमटते : गोरे ते काळे, काळे ते गोरे. तिच्यावरून हव्या तितक्या सुलट प्रती निघतात. डायरेक्ट पॉझिटिव्हमध्ये मधली पायरीच नसते. भिंगातून आलेला प्रकाश ज्या कागदावर पडला, तोच कागद धुऊन, वाळवून हाती येतो. चूक झाली तर ती दुरुस्त करण्याची जागा कोठेही उरत नाही. म्हणून सारी तयारी कळ दाबण्यापूर्वीच करावी लागते.

४/
ही कल्पना छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. पॅरिसमध्ये अर्थखात्यात कारकुनी करणाऱ्या इपोलित बायार याने १८३९ मध्ये असाच कागद सिद्ध केला होता. चांदीच्या क्षाराचा थर दिलेला कागद तो आधी उजेडात पूर्ण काळा करी, मग पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात भिजवून कॅमेऱ्यात ठेवी. जेथे प्रकाश पडे, तेथे काळेपणा फिका होई आणि चित्र सुलटच उमटे. आजच्या कागदाचे रसायन निराळे असले तरी तत्त्व तेच.

५/
त्याच वर्षी फ्रेंच सरकारने लुई दागेर याला निवृत्तिवेतन देऊन त्याचा शोध जगापुढे मांडला. बायारच्या वाट्याला तसा मान आला नाही. ऑक्टोबर १८४० मध्ये त्याने स्वतःचेच छायाचित्र घेतले : अंगावर अर्धवट वस्त्र, डोळे मिटलेले, जणू पाण्यातून काढलेले प्रेत. मागे मजकूर लिहिला, की सरकारने दागेरला भरभरून दिले आणि बायारला काहीच नाही. म्हणून त्या अभाग्याने जीव दिला. प्रत्यक्षात तो १८८७ पर्यंत जगला.

६/
हे चित्र म्हणजे केवळ विनोद नव्हे. आपल्या अन्यायाची साक्ष देण्यासाठी एका माणसाने आपलेच शरीर मांडले. वस्त्र कोठवर असावे, मान कोणत्या बाजूला कलावी, जवळ काय ठेवावे, हे सारे त्याने आधी ठरवले. मिटलेले डोळेही सोयीचेच होते. कागदाला काही मिनिटे प्रकाश द्यावा लागे आणि तेवढा वेळ पापणी न हलवता बसणे अशक्य. तांत्रिक अडचण त्याने अभिनयात जिरवली. तयारी म्हणजे काय, याचा हा पहिला धडा.

७/
या चित्रात त्याचा चेहरा आणि हात काळपट दिसतात. बायारने त्यावरही मल्लिनाथी केली : प्रेत सडू लागले आहे! खरे कारण असे, की त्या काळची रसायने निळा प्रकाश तेवढा ओळखत. तांबूस, पिवळसर रंग त्यांना जवळजवळ दिसतच नसत. उन्हाने रापलेली त्वचा म्हणून गडद झाली. १८७३ मध्ये बर्लिनच्याच हेरमान फोगेल याने रसायनात विशिष्ट रंगद्रव्ये मिसळून ही दृष्टी वाढवता येते हे शोधले. तरी लाल रंग टिपणारे साहित्य रुळायला पुढे बराच काळ गेला.

८/
हे समजले की आपल्याकडील जुन्या फोटोंतले एक कोडे सुटते. कपाळावरचे लालभडक कुंकू त्यांत काळेभोर दिसते, सोन्याचे दागिने निस्तेज, आणि फिकट निळे वस्त्र पांढरे. इमागोसारख्या कॅमेऱ्यात वापरला जाणारा कागदही लाल रंगाला जवळजवळ आंधळाच आहे. म्हणून तेथे उभे राहणाऱ्याने कपडे निवडताना आरशातला रंग विसरावा लागतो. लाल ओठ काळे होतील, त्वचेवरचे वांग उठून दिसतील. दोन मीटरांच्या कागदावर यांतले काहीच लपत नाही.

९/
दुसरी तयारी स्थिरतेची. फिलाडेल्फियात रॉबर्ट कॉर्नेलियस याने १८३९ मध्ये स्वतःचा फोटो घेतला तेव्हा कॅमेऱ्यासमोर त्यालाही बराच वेळ निश्चल राहावे लागले. पुढे स्टुडिओंत मान हलू नये म्हणून मागून लोखंडी आधार लावण्याची रीत पडली. जुन्या फोटोंत उभ्या माणसाच्या बुटांमागे कधी कधी त्या आधाराचा पाया डोकावतो. त्या चेहऱ्यांवर हसू नाही, यालाही एक कारण हेच : हसू इतका वेळ टिकत नाही.

१०/
मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढीतले छायाचित्रकार. हरिश्चंद्र चिंतामण यांनी तर मुंबईत व्यवसाय म्हणूनच स्टुडिओ चालवला. फोटोसाठी बसणारा पागोटे नीट बसवी, उपरणे सावरी, हाती पुस्तक घेई. आपण जगाला कसे दिसावे याचा निर्णय काही अंशी तरी त्याचा स्वतःचा असे.

११/
पण त्याच काळात दुसऱ्या प्रकारचे फोटोही निघत होते. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा ग्रंथ लंडनहून प्रसिद्ध झाला. संपादक जॉन फोर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के. त्यात ४६८ छायाचित्रे आहेत. अनेकांखाली माणसाचे नाव नाही. जात किंवा जमात तेवढी नोंदलेली. समोर बसलेला माणूस येथे नमुना झाला. तयारी छायाचित्रकाराने केली आणि अर्थ संपादकांनी लावला.

१२/
१८६९ मध्ये जॉन लॅम्प्रे याने मानवी शरीर मोजण्याची एक पद्धत मांडली. लाकडी चौकटीत दोरे ताणून दोन-दोन इंचांचे चौकोन करायचे आणि त्यांच्यापुढे विवस्त्र माणसाला उभे करायचे. पुढे अंदमानात एम. व्ही. पोर्टमन या अधिकाऱ्याने तेथील आदिवासींचे फोटो अशाच चौकोनी पडद्यासमोर काढले. फोटो लहान असला तरी चौकोन मोजून शरीराचे खरे माप काढता यावे, हा हेतू. माणसाचे खरे आकारमान फोटोतून मिळवण्याची ही धडपड माणसाच्या संमतीवाचून चाललेली होती.

१३/
कळ कोणाच्या हाती, हा प्रश्न येथे कळीचा ठरतो. १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर अनातोल जोसेफो याने ‘फोटोमॅटन’ सुरू केले : २५ सेंटांत ८ फोटो. हे फोटोही निगेटिव्हवाचूनच निघत. खोक्यात आत गेले आणि पडदा ओढला की भिंगासमोर आपण एकटेच.  सामान्य माणसाला स्वतःपुरता स्टुडिओ प्रथमच इतक्या स्वस्तात मिळाला. फोटो मात्र बोटाएवढेच.

१४/
तेच एकटेपण इमागोने माणसाच्या उंचीवर आणले. यामागचे गणित शालेय पुस्तकातले आहे. प्रतिमा वस्तूएवढीच हवी असेल तर वस्तू आणि कागद दोन्ही भिंगापासून नाभीय अंतराच्या दुप्पट अंतरावर लागतात. कॅमेरा खोलीएवढा होतो तो यामुळे. शिवाय दूरच्या वस्तूच्या तुलनेत प्रकाश चौपट लागतो. आणि स्पष्टतेचा पट्टा फार अरुंद होतो. माणूस थोडा पुढे झुकला की चेहरा धूसर होऊ शकतो.

१५/
म्हणून येथील तयारीला पायांपासून सुरुवात होते. पाऊल कोठे ठेवायचे, भार कोणत्या पायावर घ्यायचा, पुढे केलेला हात स्पष्ट हवा की धूसर चालेल. चौपट प्रकाशाची गरज फ्लॅशचा लखलखाट भागवतो. त्यामुळे बायारसारखे डोळे मिटावे लागत नाहीत, कॉर्नेलियससारखे ताटकळावे लागत नाही. परंतु क्षण निवडण्याची जबाबदारी पूर्णपणे स्वतःवर येते. तो चुकला तर दोष देण्यासाठी छायाचित्रकारही नाही.

१६/
लॅम्प्रेच्या चौकटीतही माणसाचे खरे माप होते, इमागोच्या कागदावरही खरेच माप आहे. फरक इतकाच, की पहिल्यात ते दुसऱ्या कोणाला हवे होते. दुसऱ्यात माणूस स्वतः आत जातो, कपडे स्वतः ठरवतो, कळ स्वतः दाबतो आणि निघालेला एकमेव कागद घरी नेतो. त्या फोटोची दुसरी प्रत काढण्यासाठी कोणा संग्रहालयाकडे किंवा कचेरीकडे निगेटिव्ह उरत नाही.

१७/
घरी पणजोबा-पणजीचा एखादा स्टुडिओतला फोटो असेल तर तो एकदा नीट पाहावा. कुंकू काळे आहे का? पायांमागे आधाराचा लोखंडी पाया दिसतो का? हाती धरलेले पुस्तक, खांद्यावरचे उपरणे, टेबलावर टेकलेला हात, यांतले काय त्यांनी ठरवले असेल आणि काय छायाचित्रकाराने? मागे नाव लिहिलेले नसेल तर ज्यांना ते ठाऊक आहे त्यांना विचारून आजच लिहून ठेवावे. ‘द पीपल ऑफ इंडिया’तील अनेकांना तेवढेही मिळाले नाही.