सुगम लिनक्स वितरणे आणि चंद्रपूर-गडचिरोलीचा वनप्रदेश

संगणकाच्या इतिहासात कार्यप्रणालीच्या निवडीचा प्रश्न बहुधा यंत्रशास्त्रातील एक गौण प्रश्न म्हणून हाताळला जातो. कोणती प्रणाली वेगवान, कोणती सुरक्षित, कोणाचे दर्शनी रूप मोहक, एवढ्यावरच चर्चा संपते. परंतु जेथे रस्ता, टपाल, वीज आणि दूरध्वनी या सोयीच एकामागून एक व विलंबाने आल्या, तेथे हाच प्रश्न दळणवळणाच्या, लिपीच्या आणि शिक्षणाच्या इतिहासाचा भाग होऊन बसतो. लिनक्सच्या नवशिक्यांसाठी म्हणून प्रसिद्ध असलेल्या वितरणांविषयी हे विशेषत्वाने खरे आहे. सुगमता हा त्या त्या वितरणाच्या अंगचाच गुण होय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. चंद्रपूर व गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांच्या बाजूने पाहिले असता ही समजूत फारशी टिकत नाही.

पूर्वीच्या चांदा जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. दोहोंमधील अंतर केवळ वनाच्या दाटपणाचे नाही. चंद्रपूरजवळच्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे, कोळशाच्या खाणी आहेत, रेल्वेचा हमरस्ता आहे. उलट गडचिरोली जिल्ह्याला दीर्घकाळपर्यंत वडसा हेच एक रेल्वेस्थानक होते, आणि दक्षिण टोकाचे सिरोंचा मुख्यालयापासून दोनशे किलोमीटरांच्या पलीकडे राहिले. दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये २०११ पर्यंत नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत होती. त्या वर्षी २७ सप्टेंबरला गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठाची स्थापना झाली. तोवर उच्च शिक्षणाचे केंद्र नागपूर होते, आणि संगणकविषयक साहित्य व सल्ला यांचा ओघही स्वाभाविकपणे त्याच वाटेने येत असे.

लिनक्स हे वस्तुतः एका गाभ्याचे नाव आहे. हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स याने तो १९९१ मध्ये प्रसृत केला. रिचर्ड स्टॉलमन याने १९८३ मध्ये घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पाची साधने या गाभ्याला जोडली गेली, तेव्हा संपूर्ण कार्यप्रणाली सिद्ध झाली. गाभा, साधने, दर्शनी पटल, लेखनाचा व जालदर्शनाचा कार्यक्रम हे सर्व एकत्र बांधून जो संच वापरणाऱ्याच्या हाती दिला जातो, त्याला वितरण म्हणतात. डेबियन, उबुंटू, मिंट, फेडोरा ही अशा संचांची नावे होत. वितरण हा शब्द येथे मोठा अर्थपूर्ण आहे. कारण वनजिल्ह्यांच्या दृष्टीने पहिला प्रश्न खरोखरच वाटपाचा होता.

एकोणिसशे नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात भारतात लिनक्सची प्रत मिळविण्याचा सुलभ मार्ग म्हणजे इंग्रजी संगणक-मासिकांसोबत येणारी सीडी. 'पीसी क्वेस्ट'ने ही प्रथा रुजविली. पुढे २००३ मध्ये निघालेल्या 'लिनक्स फॉर यू'ने ती चालू ठेवली. दूरध्वनीच्या तारेवरून सातशे मेगाबाइटांची प्रतिमा उतरवून घेणे मोठ्या शहरातही कष्टाचे होते. या पार्श्वभूमीवर दक्षिण आफ्रिकेतील मार्क शटलवर्थ याच्या कॅनॉनिकल या संस्थेने उबुंटूच्या संबंधात केलेली योजना लक्षणीय ठरते. उबुंटूची पहिली आवृत्ती २० ऑक्टोबर २००४ रोजी प्रसिद्ध झाली, आणि लगोलग 'शिपइट' या नावाने जगात कोठेही विनामूल्य, टपालखर्चही न घेता, सीडी पाठविण्याची व्यवस्था सुरू झाली. मागणी नोंदविण्यापुरतेच जाल लागे; उरलेले काम पोस्टमन करी. जेथे टपाल पोचते तेथे उबुंटू पोचेल, अशी ही रचना होती, आणि टपाल भामरागडपर्यंत पोचत होते. ही योजना एप्रिल २०११ मध्ये बंद झाली. जलद जालजोडणी सर्वत्र झाली आहे, आता सीडीची आवश्यकता उरली नाही, हे त्यामागील गृहीत. युरोप-अमेरिकेच्या शहरांना ते लागू पडत असेल. धानोरा किंवा कोरची तालुक्यातील विद्यार्थ्याला त्या वर्षी ते लागू पडत नव्हते.

प्रतिमेचा आकारही याच सुमारास वाढू लागला. ऑक्टोबर २०१२ च्या आवृत्तीपासून उबुंटूने सीडीची मर्यादा सोडली. २०२४ च्या आवृत्तीची प्रतिमा पाच गिगाबाइटांहून मोठी आहे. भ्रमणध्वनीच्या जोडणीवर दिवसाला दीड-दोन गिगाबाइटांचा हिशेब करणाऱ्या विद्यार्थ्याला ही वाढ जाणवल्याशिवाय राहत नाही. म्हणून पेनड्राइव्ह हातोहात फिरविणे हीच येथील व्यवहार्य रीत होय.

प्रत हाती आल्यानंतरची अडचण स्थापनेची. आरंभीच्या काळात स्थापना करणाऱ्याला हार्ड डिस्कचे विभाग स्वतः आखावे लागत; एक चूक झाली की आधीचे सर्व लिखाण नाहीसे होई. क्लाउस क्नॉपर याने २००० मध्ये तयार केलेल्या क्नॉपिक्सने सीडीवरूनच थेट प्रणाली चालविण्याचा प्रकार लोकप्रिय केला, आणि जून २००६ च्या उबुंटूने थेट चालणारी व स्थापना करणारी अशा दोन्ही सीडी एकत्र आणल्या. डिस्कला स्पर्शही न करता प्रणाली पाहावी, मग ठरवावे, ही मुभा नवशिक्याला मिळाली ती तेव्हापासून. दर्शनी पटलाच्या सौंदर्याची चर्चा पुष्कळ होते. परंतु भीती कमी करणारी ही एक सोय त्या सर्व सौंदर्यापेक्षा मोलाची होती.

तथापि मराठी वापरणाऱ्यापुढील खरी अडचण लिपीची होती. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्थान मिळाले होते. परंतु महाराष्ट्रातील कार्यालये, छापखाने आणि महाविद्यालये त्यानंतर दोन दशके सी-डॅकच्या 'सुरेख'सारख्या किंवा श्रीलिपी व कृतिदेव यांसारख्या फॉन्टांत लिहीत राहिली. या फॉन्टांत प्रत्येक निर्मात्याची सांकेतिक योजना निराळी. 'क' हे अक्षर संगणकाच्या लेखी 'क' नसून रोमन लिपीतील एखादे चिन्ह असे, आणि तो विशिष्ट फॉन्ट बसविलेला असेल तरच ते कागदावर 'क' म्हणून उमटे. परिणाम असा की, लिनक्स बसविलेल्या लॅपटॉपवर तहसील कार्यालयातून आलेले पत्र उघडले की निरर्थक चिन्हांच्या रांगा दिसत, आणि दोष मात्र लिनक्सच्या माथी येई. वास्तविक दोष त्या पत्राच्या लेखनपद्धतीचा होता. पण नवशिक्याला हा भेद कोण सांगणार? केंद्र शासनाने २००९ मध्ये ई-शासनासाठी युनिकोडला मानकाचा दर्जा दिल्यानंतर ही स्थिती हळूहळू पालटली. जुनी कागदपत्रे मात्र जशीच्या तशी राहिली, आणि विद्यापीठीय प्रबंधांच्या जुन्या प्रतींतही तीच अडचण आजही भेडसावते.

मुक्त प्रणालीच्या बाजूनेही मराठीची तयारी एकदम झाली नाही. इंडलिनक्स या प्रकल्पाने भारतीय भाषांसाठी उपक्रम सुरू केला. मुंबईच्या इंडिक्ट्रान्स गटाने 'गार्गी' हा मुक्त देवनागरी फॉन्ट दिला. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडविलेले 'लोहित' फॉन्ट रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली उपलब्ध करून दिले. तरीही एकच मराठी शब्द एका कार्यक्रमात शुद्ध व दुसऱ्यात तुटका दिसे, कारण अक्षरांची जोडणी करणारे यंत्र प्रत्येक कार्यक्रमाचे वेगळे होते. 'दऱ्या' आणि 'वाऱ्यावर' या शब्दांतील र-चे रूप हिंदीला लागत नाही, मराठीला लागते. ल आणि श यांची वळणेही मराठीत निराळी. हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या फॉन्टांत हे सूक्ष्म भेद मागे पडत, व मराठी वाचक त्या पानाकडे परके म्हणून पाही. पुढे लोहितची स्वतंत्र मराठी आवृत्ती झाली, जोडणीसाठी हार्फबझ हे एकच यंत्र बहुतेक कार्यक्रमांनी स्वीकारले, आणि हा प्रश्न जवळजवळ मिटला. नवशिक्यासाठी उत्तम वितरण कोणते, या प्रश्नाचे २००५ मधील मराठी उत्तर आणि आजचे उत्तर भिन्न असण्याचे हे एक मोठे कारण होय.

या दोन जिल्ह्यांत लिनक्स संघटित रीतीने आले ते न्यायसंस्थेच्या मार्गाने, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने २००५ मध्ये राष्ट्रीय धोरण आखले आणि २००७ पासून ई-न्यायालय प्रकल्प सुरू झाला. प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात देशातील १४,२४९ जिल्हा व दुय्यम न्यायालयांचे संगणकीकरण झाले. न्यायाधीशांना लॅपटॉप मिळाले, न्यायालयांच्या कामाशी जुळते रूप दिलेली उबुंटू ही कार्यप्रणाली म्हणून स्वीकारली गेली, आणि प्रकरणांच्या नोंदीची मुक्त साधनांवर आधारलेली प्रणाली राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राच्या पुणे येथील शाखेने घडविली. चंद्रपूर व गडचिरोली येथील जिल्हा न्यायालये याच देशव्यापी योजनेच्या कक्षेत आली.

येथे वापरणारा मनुष्य संगणकशास्त्राचा विद्यार्थी नव्हता. तो पन्नाशीकडे झुकलेला न्यायाधीश होता, किंवा टंकलेखनयंत्रावर आयुष्य काढलेला लघुलेखक. त्याने वितरण निवडलेही नव्हते. ते त्याला नेमून दिले होते. तरीही ते चालले, कारण प्रशिक्षण ठरलेले होते, शंका विचारण्यास जागा होती, आणि मुंबईहून गडचिरोलीला बदली झाली तरी समोरचे पटल तेच राहत होते. उबुंटू सोपी होती म्हणून ती न्यायालयांत टिकली असे म्हणण्यापेक्षा, न्यायालयांनी तिच्याभोवती उभ्या केलेल्या व्यवस्थेने ती सोपी झाली, असे म्हणणे अधिक सयुक्तिक होईल.

अन्यत्रही असेच दिसते. स्पेनमधील एक्स्ट्रेमादुरा हा तुलनेने दरिद्री प्रांत. त्याने २००२ मध्ये डेबियनवर आधारित लिनएक्स हे स्वतःचे वितरण काढून शाळांत नेले. केरळने २००८ च्या सुमारास माध्यमिक शाळांतील संगणकशिक्षण मुक्त प्रणालीवर आणले, ते शिक्षकांच्या व्यापक प्रशिक्षणाच्या बळावर. सी-डॅकने जानेवारी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बॉस या भारतीय वितरणाला भारतीय भाषांचे पाठबळ भरपूर होते. पण एकट्याने लॅपटॉप घेऊन बसलेल्या नवशिक्याला सल्ला मिळतो तो आजही उबुंटू किंवा मिंटचाच, कारण शेजारच्याला तेच ठाऊक असते. एकट्या शिकणाऱ्यासाठी मुंबईच्या आयआयटीचा 'स्पोकन ट्युटोरियल' हा प्रकल्प विशेष उपयुक्त आहे. दहा-बारा मिनिटांचे त्याचे पाठ मराठी निवेदनासह मिळतात आणि एकदा उतरवून घेतले की जालावाचूनही चालतात.

अलीकडील काळात अडथळा पुन्हा दुसरीकडे सरकला आहे. बत्तीस-बिट प्रोसेसरांचे जुने यंत्र लिनक्सवर चालतेच, ही एकेकाळची खात्री होती. उबुंटूने २०१७ मध्ये अशा यंत्रांसाठी स्थापनेची प्रतिमा देणे थांबविले. मिंटची २०२० मधील विसावी आवृत्ती केवळ चौसष्ट-बिटांची निघाली. डेबियननेही ऑगस्ट २०२५ च्या तेराव्या आवृत्तीत बत्तीस-बिट स्थापना बंद केली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा आधार संपला, आणि विंडोज ११ सुमारे २०१७ पूर्वीच्या बहुतेक प्रोसेसरांना स्वीकारीत नाही. म्हणजे महाविद्यालयांतून व घरांतून असलेले २०१० ते २०१७ मधील चौसष्ट-बिट लॅपटॉप आज लिनक्सनेच वाचण्याजोगे आहेत. त्याहून जुन्यांची मुदत मात्र मुक्त प्रणालीतही सरत आली आहे.

अशा मधल्या वयाच्या यंत्रासाठी लिनक्स मिंट ही निवड सयुक्तिक दिसते. तिची प्रतिमा तीन गिगाबाइटांच्या आत आहे, ती उबुंटूच्या दीर्घकालीन आवृत्तीवरच उभी असल्याने बाविसाव्या मालिकेला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत, लेखनाचा व जालदर्शनाचा कार्यक्रम प्रतिमेतच असतो, आणि टाइमशिफ्टच्या साहाय्याने बिघडलेली प्रणाली पूर्वस्थितीला नेता येते. जालावर अवलंबून असलेल्या मनुष्याला ही शेवटची सोय केवळ सोयीची असेल; जो दुरुस्तीसाठी दिवसभराचा एस.टी.चा प्रवास करतो त्याच्यासाठी ती निर्णायक आहे. स्मरण चार गिगाबाइटांहून कमी असेल तर मिंटचीच एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्यावी.

स्थापनेत क्रम महत्त्वाचा. आधी लिखाणाची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढावी. विंडोज ठेवावयाचे असल्यास तिची बिटलॉकर कुलूपबंदी व जलद आरंभाची सोय बंद करून घ्यावी; नाहीतर विभाग लहान करताना डिस्क हाती लागत नाही, किंवा लागली तरी लिखाण उघडत नाही. मग पेनड्राइव्हवरून प्रणाली थेट चालवून वायफाय, ध्वनी आणि कळफलक तपासावेत. वायफाय जुळले नाही तर यूएसबीच्या तारेने भ्रमणध्वनी जोडून जाल घेता येते. विजेचा भरवसा नसेल तर बॅटरी पूर्ण भरल्यावाचून विभागणीस हात घालू नये; विभाग आखताना वीज गेली तर ती चूक कोणत्याही वितरणाला सुधारता येत नाही. स्थापना झाल्यानंतर जालजोडणी असेल तेव्हा मराठी भाषापुंज उतरवून घ्यावा व इन्स्क्रिप्ट किंवा उच्चारानुसारी कळफलक जोडावा.

गडचिरोलीच्या पूर्वेकडील तालुक्यांत मराठीबरोबर गोंडी व माडिया बोलल्या जातात, आणि तेथे कळफलकाचा प्रश्न मराठीवर थांबत नाही. मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये रचलेल्या गोंडी लिपीला युनिकोडमध्ये २०१७ साली, तर गुंजाळा गोंडीला २०१८ साली स्थान मिळाले. मसराम लिपीचा नोटो मालिकेतील मुक्त फॉन्ट आज कोणत्याही वितरणात कोणाची परवानगी न घेता बसविता येतो आणि पेनड्राइव्हवरून पुढल्या गावाला देता येतो.