ब्रिटनमध्ये मतदानाची जागा कोण ठरवते?

भारतात मतदान केंद्रांची यादी जिल्हा निवडणूक अधिकारी, म्हणजे बहुतेक ठिकाणी जिल्हाधिकारी, निवडणूक आयोगाच्या मंजुरीने ठरवतात. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये संसदेच्या निवडणुकीसाठी हा अधिकार स्थानिक कौन्सिलकडे आहे. तिथे कायदेशीर वास्तव्य असलेले भारतीय नागरिकही नाव नोंदवून मत देऊ शकतात, त्यामुळे आपल्या लोकांनी हे समजून घ्यायला हवे.

१९८३ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार कौन्सिल आपल्या हद्दीचे मतदान विभाग पाडते आणि प्रत्येक विभागासाठी जागा नेमते. शाळा, ग्रंथालय, चर्चचा हॉल, काहीही. दर पाच वर्षांनी याचा आढावा सक्तीचा आहे. मागचा ऑक्टोबर २०२३ ते जानेवारी २०२५ मध्ये झाला; पुढचा ऑक्टोबर २०२८ पासून. अधेमधेही बदल करता येतात.

आढाव्याची जाहीर सूचना निघते. मतदारांना हरकती नोंदवता येतात, अपंगांच्या सोयीबाबत जाणकारांचे मत मागवावे लागते. खरी ताकद मात्र पुढच्या तरतुदीत आहे. आढावा मतदारांची वाजवी गरज भागवत नसेल, तर मतदारसंघातील किमान ३० मतदार थेट निवडणूक आयोगाकडे दाद मागू शकतात. आयोग कौन्सिलला बदलाचा आदेश देऊ शकतो. दोन महिन्यांत तो पाळला नाही, तर आयोग स्वतःच बदल करू शकतो.