दचकणे (क्रियापद)

दचकणे हे मराठीतील एक अकर्मक क्रियापद आहे. अनपेक्षित आवाज, स्पर्श, दृश्य किंवा वार्ता यांमुळे शरीराला क्षणभर बसणारा झटका असा त्याचा अर्थ होतो. इंग्रजीतील 'स्टार्टल' या क्रियापदाला हा सर्वांत जवळचा प्रतिशब्द होय. 'आश्चर्यचकित होणे' हा अर्थ काही शालेय मार्गदर्शिकांत दिलेला आढळतो. तो ढोबळ आहे. आश्चर्य मनाला वाटते व काही काळ टिकते, दचकणे मात्र आधी अंगाला होते आणि निमिषात ओसरते.

व्याकरण

'मला आश्चर्य वाटले' या वाक्यात अनुभव घेणारा चतुर्थीत येतो, तर 'मी दचकलो' यात तो प्रथमेत येतो व प्रयोग कर्तरी असतो. 'दचकवणे' हे प्रयोजक रूप मुद्दाम केलेल्या कृतीसाठी राखलेले आहे. इंग्रजी क्रियापद आज मुख्यतः सकर्मक असल्याने भाषांतरात अडचण येते. 'त्या आवाजाने मला दचकवले' हे वाक्य व्याकरणाला धरून असले तरी कृत्रिम वाटते; 'त्या आवाजाने मी दचकलो' ही मराठीची सहज रचना आहे. इंग्रजीतील कर्मणी वाक्याचे 'मी दचकवला गेलो' असे रूपांतर तर टाळावेच. 'दचकून जागा झाला', 'दचकून मागे वळली' असा धातुसाधिताचा वापर लेखनात विपुल आढळतो.

परभणी जिल्ह्यात व एकूण मराठवाड्याच्या बोलीत चालू क्रिया 'जायलो', 'करायलास' अशा रूपांनी व्यक्त होते. त्यामुळे 'लेकरू झोपेत दचकायलंय' हे वाक्य येथे 'दचकत आहे' या अर्थाने सहज उच्चारले जाते. पुण्याकडील श्रोत्याला त्यात 'दचकण्यासाठी' असा हेतू ऐकू येण्याचा संभव असतो.

जवळचे शब्द

'चमकणे' यात शंका किंवा ओळख पटल्याची छटा असते. 'बिचकणे' म्हणजे भीतीने मागे सरणे. 'धसका घेणे' दीर्घकाळ टिकते. जनावराच्या बाबतीत 'बुजणे' हा शब्द रूढ आहे. परभणी, नांदेड, लातूर भागांतील लाल कंधारी बैल मोटारीच्या भोंग्याला बुजतो, असेच शेतकरी म्हणेल. गंमत अशी की 'स्टार्टल'च्या मुळाशी असलेल्या जुन्या इंग्रजी शब्दाचा अर्थही लाथा झाडणे, धडपडणे असा होता.

'हैराण' या शब्दाची गोष्ट निराळी आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ गोंधळलेला, चकित. उर्दू व हिंदीत तो आश्चर्यासाठी वापरला जातो. मराठीत मात्र 'हैराण' म्हणजे त्रासलेला, दमलेला. 1948 पर्यंत परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती व राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. आजही येथे दोन्ही भाषा शेजारी नांदतात. त्यामुळे एकाच गल्लीत हा शब्द दोन अर्थांनी कानी पडतो.

तान्ह्या बाळाचे दचकणे

नवजात बाळ मोठा आवाज झाल्यास किंवा डोक्याचा आधार एकाएकी सुटल्यास दोन्ही हात फैलावते व पुन्हा जवळ घेते. बालरोगतज्ज्ञ अर्न्स्ट मोरो यांनी 1918 मध्ये वर्णिलेली ही प्रतिक्षिप्त क्रिया 'मोरो प्रतिक्षेप' म्हणून ओळखली जाते. ती स्वाभाविक असून साधारणतः 4 ते 6 महिन्यांत नाहीशी होते. एकच हात हलणे हे मात्र इजेचे लक्षण असू शकते.

याच शब्दामुळे एक धोकाही संभवतो. बाल्यावस्थेतील आचक्यांच्या आजारात बाळ, विशेषतः झोपेतून उठल्यावर, आवाजाविनाच लागोपाठ अनेकदा झटके देते, आणि घरात त्यालाही 'दचकणे'च म्हटले जाते. इंग्लंडमधील डॉ. विल्यम जेम्स वेस्ट यांनी 1841 मध्ये 'लॅन्सेट' नियतकालिकात या विकाराचे वर्णन केले. रुग्ण त्यांचाच मुलगा होता. हा आजार बहुधा पहिल्या वर्षात, बाळ काही महिन्यांचे असताना सुरू होतो. उपचार लांबल्यास बौद्धिक वाढ खुंटण्याची शक्यता वाढते. म्हणून अशा झटक्यांची मालिका दिसल्यास भ्रमणध्वनीवर तिचे चित्रण करून ते विनाविलंब बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.