बूट, बाइंडिंग आणि उताराचे गणित

बर्फाच्छादित उतारावरून लयबद्ध वळणे घेत खाली येणारा स्कीपटू पाहिला, की त्याच्या कौशल्याचे श्रेय आपण त्याच्या पायांना आणि त्याखालच्या चकचकीत पट्ट्यांना देतो. या दोहोंमध्ये दडलेल्या दुव्याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. पायातील ताठ प्लॅस्टिकचा बूट आणि तो पट्टीवर पकडून ठेवणारे ‘बाइंडिंग’ हाच तो दुवा. पट्टी कितीही उंची असली, तरी हा दुवा सदोष असेल तर तिचे गुण उतारावर उतरत नाहीत. बाइंडिंग चुकीचे बसवलेले असेल, तर प्रश्न केवळ वळणाच्या डौलाचा राहत नाही. तो नडगीचा आणि गुडघ्याचा होतो.

घट्ट पकड ते योग्य सुटका

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बूट पट्टीला जखडून ठेवणे एवढेच बाइंडिंगचे काम मानले जाई. स्कीपटू पडला की लांब पट्टी तरफेसारखी वळे आणि पाय तिच्यासोबत पिळवटून निघे. मूळचे नॉर्वेचे आणि पुढे अमेरिकेतील ओरेगन राज्यात स्थायिक झालेले ह्यालमार ह्वाम यांचा पाय १९३७ मध्ये असाच मोडला. त्यातून त्यांनी ठरावीक ताणानंतर बूट मोकळा करणारी रचना तयार केली आणि १९३९ मध्ये तिचे पेटंट मिळवले. आजच्या बाइंडिंगचे मूळ तत्त्व तेच आहे. चवड्याकडचा भाग प्रामुख्याने पिळाच्या ताणाला बाजूने सुटतो, तर टाचेकडचा भाग पुढे झोकून पडताना वरच्या दिशेने.

‘डिन’ आकडा म्हणजे काय?

बाइंडिंगच्या छोट्या खिडकीत दिसणारा आकडा ‘डिन’ या जर्मन मानक संस्थेच्या नावाने ओळखला जातो. तो मुक्तीचा ताण दर्शवतो. तो ठरवताना स्कीपटूचे वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची मिलिमीटरमधील लांबी आणि खेळण्याची शैली या पाच गोष्टी पाहिल्या जातात. सावध, मध्यम आणि आक्रमक अशा तीन शैली आंतरराष्ट्रीय कोष्टकात आहेत. वजन आणि उंची वेगवेगळ्या ओळींत येत असतील, तर कमी ताणाची ओळ निवडतात. पन्नाशी गाठलेल्यांसाठी आणि दहा वर्षांखालील मुलांसाठी आणखी एक ओळ खाली येतात. तळवा लांब असेल तर तरफही लांब होते, म्हणून एकाच वजनाच्या दोन व्यक्तींपैकी मोठ्या बुटाच्या व्यक्तीला लहान आकडा पुरतो.

यातून एक व्यावहारिक धडा मिळतो. भाड्याने साहित्य घेताना संकोचापोटी वजन कमी सांगणे किंवा अभिमानापोटी स्वतःला ‘आक्रमक’ म्हणवून घेणे, दोन्ही घातक ठरतात. पहिल्या चुकीने बूट नको तेव्हा निसटतो, दुसऱ्या चुकीने हवा तेव्हा सुटत नाही.

पुढचा दाब आणि चवड्याची फट

डिन आकडा बरोबर असूनही बाइंडिंग चुकीचे वागू शकते, कारण त्याआधी ते त्या विशिष्ट बुटाच्या लांबीला जुळवावे लागते. वळणात पट्टी धनुष्यासारखी वाकते, तेव्हा चवडा आणि टाच यांच्या पकडींमधले अंतर किंचित घटते. हा फरक सामावण्यासाठी टाचेचा भाग स्प्रिंगच्या आधारे रुळावर मागे-पुढे सरकतो. या स्प्रिंगच्या रेट्यालाच ‘पुढचा दाब’ म्हणतात. बूट अडकवल्यावर तो योग्य आहे की नाही, हे बाइंडिंगवरील खुणेवरून कळते. दाब कमी असेल तर बूट अकारण निसटतो. जास्त असेल तर सुटका अडते आणि पट्टीचे वाकणेही मंदावते.

बुटाचा चवडा ज्या घसरत्या पट्टिकेवर टेकतो, तिची उंचीही तितकीच महत्त्वाची. साध्या आल्पाइन बुटांच्या टोकांची मापे आंतरराष्ट्रीय मानकाने ठरलेली आहेत. मात्र चालण्यास सोयीचे, वक्र रबरी तळव्याचे ‘ग्रिपवॉक’ बूट प्रत्येक बाइंडिंगला चालत नाहीत. दोन्हींवरील खूण जुळते का, हे पाहिल्याशिवाय ते वापरू नयेत. डांबरी रस्त्यावर चालून झिजलेला तळवाही सुटकेचे गणित बिघडवतो.

बूट : मापाचा पहिला नियम

नवशिक्याची सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे सैल बूट. स्कीचे बूट ‘मोंडोपॉइंट’ मापात, म्हणजे पावलाच्या सेंटिमीटरमधील लांबीत मोजले जातात. खात्रीसाठी आतले मऊ अस्तर काढून पाऊल नुसत्या कवचात घालावे आणि बोटे पुढे टेकवावीत. टाचेमागे साधारण एक ते दोन सेंटिमीटर जागा उरली, तर माप योग्य समजावे. अस्तरासह उभे राहताना बोटे पुढे टेकतात, पण गुडघे वाकवताच ती मागे सरतात. हे न कळल्याने अनेकजण दुकानातच मोठा बूट मागतात. सैल बुटात पाय आधी हलतो आणि पट्टी नंतर. ती उसंत भरून काढण्यासाठी बकले आवळली जातात आणि पाय सुन्न पडतो.

बुटाच्या लवचिकतेचा आकडा सर्व कंपन्यांत सारखा नसतो, त्यामुळे तो एकाच कंपनीच्या बुटांची तुलना करण्यापुरता उपयोगी आहे. अति ताठ बुटात नवशिक्याला घोटा वाकवता येत नाही, मग तो मागे रेलतो आणि पट्टीचे पुढचे टोक बर्फाची पकड सोडते.

मिलिमीटरचा फरक

बहुतेक बाइंडिंगमध्ये टाच चवड्यापेक्षा काही मिलिमीटर उंच असते, आणि बुटाच्या आतला तळही उतरता असतो. हे कोन वाढले, की गुडघे पुढे ढकलले जातात आणि तोल सावरण्यासाठी कंबर मागे जाते. मांड्यांमध्ये लवकर पेटणारी आग हे त्याचे लक्षण. उंचीचा फरक तेवढाच असताना लहान बुटात कोन अधिक तीव्र होतो, त्यामुळे लहान पावलांच्या महिलांना व मुलांना हा त्रास अधिक जाणवतो. चवड्याखाली पातळ पाचर बसवून कोन कमी करता येतो.

दुसरा मुद्दा पायाच्या बाजूच्या कलाचा. नडगीच्या वक्राला जुळेल असा बुटाचा वरचा भाग स्क्रूने वळवता येतो. परंतु मूळ कल बदलायचा तर तळवाच तासावा लागतो, आणि त्यानंतर चवडा व टाच यांची मानक जाडी पुन्हा मिळवावी लागते. अमेरिकन प्रशिक्षक वॉरेन विदरेल यांनी १९७२ च्या आपल्या ‘हाऊ द रेसर्स स्की’ या पुस्तकात या कलाकडे लक्ष वेधले होते.

बाइंडिंगची जागाही एक सेंटिमीटरने हलवली तर फरक जाणवतो. ते पुढे सरकवल्यास वळण चटकन सुरू होते. मागे सरकवल्यास वेगात स्थैर्य मिळते आणि मऊ बर्फात टोक तरंगते. मात्र एका वेळी एकच बदल करून पाहावा, नाहीतर कोणत्या बदलाने काय झाले हे समजत नाही.

मर्यादा ओळखणे आवश्यक

योग्य बाइंडिंगमुळे नडगी मोडण्याचे प्रमाण लक्षणीय घटले, पण गुडघ्याच्या अस्थिबंधाच्या दुखापती त्या प्रमाणात घटल्या नाहीत. मागे पडताना पट्टीच्या शेपटाकडून येणारा पिळ गुडघ्याला इजा करतो, आणि नेहमीच्या बाइंडिंगला तो नीट ओळखता येत नाही. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातील शुगरबुश येथे १९७२ पासून चाललेल्या दीर्घ अभ्यासातून या दुखापतींचे स्वरूप उलगडले. म्हणूनच पडताना हात पुढे ठेवणे, घसरण पूर्ण थांबेपर्यंत उठण्याचा अट्टहास न करणे हे शिकणेही तितकेच गरजेचे.

गुलमर्ग, औली, सोलंग येथे महाराष्ट्रातून जाणाऱ्या पर्यटकांनी साहित्य भाड्याने घेताना चार प्रश्न जरूर विचारावेत. तळव्याची लांबी बाइंडिंगला जुळवली आहे का? डिन आकडा कोष्टकातून काढला आहे का? पुढचा दाब तपासला आहे का? बूट आणि बाइंडिंग एकमेकांना चालणारे आहेत का? चारही उत्तरे मिळाल्यावरच पट्टी पायात अडकवावी. समायोजन शक्यतो प्रशिक्षित तंत्रज्ञाकडून यंत्रावर तपासून घ्यावे. पाच मिनिटांची ही चौकशी टाळण्याची किंमत काही महिन्यांच्या कुबड्यांनी मोजावी लागू शकते.