गहिरमाथ्याचा ‘शोध’ आणि अंडकर

भारताच्या किनाऱ्यावर समुद्री कासवांच्या पाच जाती आढळतात. त्यांपैकी ऑलिव्ह रिडले ह्या जातीच्या माद्या ओडिशाच्या काही वाळवंटांवर थोड्याच रात्रींत सहस्रावधींच्या, क्वचित लाखांच्या संख्येने येऊन अंडी घालतात. प्राणिशास्त्रात ह्या सामूहिक विणीस ‘अरिबाडा’ हे स्पॅनिश नाव रूढ झाले आहे. ब्राह्मणी-वैतरणीच्या मुखांजवळील गहिरमाथा येथील वीणस्थळाचा ‘शोध’ १९७४ साली लागला, असे ह्या विषयावरील ग्रंथांतून सांगण्यात येते. हे श्रेय मगरींच्या संवर्धनासाठी ओडिशात आलेले तज्ज्ञ एच. आर. बस्टर्ड ह्यांस दिले जाते. त्यांच्या कार्याचे मोल कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने ‘शोध’ हा शब्द पारखून न घेता स्वीकारणे उचित नव्हे.

अलेक्झांडर हॅमिल्टन ह्या स्कॉटिश नाखव्याचे पूर्वेकडील देशांचे वर्णन १७२७ साली एडिंबरो येथे प्रसिद्ध झाले. कनिका व बालेश्वर येथील नद्यांच्या दरम्यान सलग वालुकामय किनारा असून तेथे समुद्री कासवे अगणित संख्येने अंडी घालण्यास येतात, असे त्याने त्यात नमूद केले आहे. हॅमिल्टनचे लक्ष बंदरे, खोली व व्यापार ह्यांवर होते. कासवांविषयी त्यास काही सिद्ध करावयाचे नव्हते. जाता जाता केलेल्या अशा उल्लेखास साक्ष म्हणून अधिक वजन द्यावयास हवे. त्यानंतर १७५१ पासून १८०३ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली होता. त्या काळातील मोडी कागद चाळणाऱ्या अभ्यासकांनी किनाऱ्यावरील किरकोळ करांच्या बाबींकडेही दृष्टी वळवावी, असे सुचवावेसे वाटते.

ह्याहून बोलका पुरावा महसुलाचा आहे. कनिकाचे जमीनदार गहिरमाथ्यावरून अंडी नेणाऱ्या नावांवर कर घेत, व त्या कराचे नावच ‘अंडकर’ असे होते. करास स्वतंत्र नाव मिळते ते उत्पन्न वर्षानुवर्षे नियमित येऊ लागल्यावरच. आकारणी नगावर नसून नावेवर होती, हेही ध्यानात घ्यावे; मोजदाद करणे कोणासही परवडणारे नव्हते. जमीनदारी संपुष्टात आल्यावर सरकारच्या वनखात्याने हीच पद्धत परवान्यांच्या रूपाने पुढे चालविली. ही अंडी कलकत्त्यापर्यंत विक्रीस जात, उरलेली वाळवून गुरांस घातली जात. तात्पर्य, १९७४ पूर्वी गहिरमाथा नावाड्यास, कारकुनास व बाजारास पूर्णपणे ज्ञात होता. तो अज्ञात होता तो केवळ प्राणिशास्त्राच्या नियतकालिकांस.

अंडी गोळा करणे १९७५ च्या सुमारास बंद झाले व त्याच वर्षी भितरकनिका अभयारण्य घोषित झाले. तथापि कासवांवरील मोठे संकट अंड्यांच्या टोपलीतून आले नाही, असे माझे मत आहे. सामूहिक विणीत मागाहून येणाऱ्या माद्या आधीची घरटी उकरतात आणि पुष्कळ अंडी तशीही नष्ट होतात. ह्याच कारणास्तव कोस्टा रिकातील ओस्टिओनाल येथे १९८७ पासून अंडी काढण्यास कायद्याने मर्यादित मुभा आहे. ओडिशात खरा फरक पडला तो यांत्रिक नौका आल्यावर. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून प्रौढ कासवे सहस्रावधींनी पकडून रेल्वेने कलकत्त्याकडे रवाना होऊ लागली. अंडी नेल्याने एका हंगामाची संतती कमी होते. पण मादी नेली की तिच्यापासून पुढे होणारी सर्वच संतती जाते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ही जाती १९७७ साली घालण्यात आली, तरी हा व्यापार आटोक्यात येण्यास १९८० चे दशक उजाडले, व त्यासाठी तटरक्षक दलाच्या गस्तीचेही साहाय्य घ्यावे लागले.

१९९७ साली गहिरमाथा सागरी अभयारण्य स्थापन झाले. आता निर्बंधांचा भार लहान मच्छीमारांवरही पडतो, आणि मोठ्या ट्रॉलरच्या जाळ्यांत गुदमरून मेलेली कासवे किनाऱ्यावर येतात. जुन्या अंडकराचा जमाखर्च व ह्या तक्रारींचे अर्ज एकत्र वाचणारा अभ्यास हाती घेण्याजोगा आहे. देवी नदीच्या मुखाजवळचे वीणस्थळ १९८१ साली व ऋषिकुल्येच्या मुखाजवळचे १९९४ साली नोंदले गेले. त्या दोहोंचीही नोंद ‘शोध’ ह्याच शब्दाने झाली आहे.