नेमकी ठिणगी: स्पार्क प्लग आणि प्लग-वायरींचा इतिहास

पेट्रोल इंजिनात दाबलेले हवा-इंधनाचे मिश्रण विजेच्या ठिणगीने पेटवले जाते. ही ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग आणि त्याच्यापर्यंत उच्च दाबाची वीज पोहोचवणारी वायर हे दोन्ही भाग वापरात झिजतात आणि अधूनमधून बदलावे लागतात. नवा प्लग घेताना आट्यांचा व्यास, आट्यांची लांबी, प्लगची उष्णता-श्रेणी, ठिणगी पडते त्या दोन टोकांमधला गॅप आणि आतला रेझिस्टर पाहिला जातो. यांतल्या बहुतेक गोष्टी पहिले प्लग बनवणाऱ्यांच्या गावीही नव्हत्या. इंजिनात अडचणी येत गेल्या आणि त्यांच्यावरच्या उपायांतून निवडीचे हे निकष तयार झाले.

फ्रान्समध्ये एतिएन लेन्वार याने १८६० साली आपल्या गॅस इंजिनात विजेची ठिणगी वापरली. पण वीज तेव्हा भरवशाची नव्हती. गॉटलिब डाइमलरच्या सुरुवातीच्या इंजिनांत बाहेरून बर्नरने लाल होईपर्यंत तापवलेली नळी मिश्रण पेटवत असे. कार्ल बेंझने १८८६ साली पेटंट मिळवलेल्या तीनचाकीत मात्र बॅटरी, कॉइल आणि प्लग अशी रचना होती. तिची अडचण बॅटरीची होती: ती लवकर उतरे आणि प्रवास मध्येच थांबे.

यातून वाट काढली जर्मनीतील श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने. तेथील अभियंता गॉटलोब होनोल्ड याने बॅटरीशिवाय, इंजिनाच्या फिरण्यातूनच उच्च दाबाची वीज तयार करणारा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा स्पार्क प्लग घडवला. त्याचे पेटंट ७ जानेवारी १९०२ रोजी मिळाले. आता इंजिन फिरत असेपर्यंत ठिणगीची ददात उरली नाही. अमेरिकेत पुढे चार्ल्स केटरिंगने बॅटरी, कॉइल आणि प्रवाह जोडणारे-तोडणारे पॉइंट यांची सुधारित पद्धत आणली. ती १९१०च्या कॅडिलॅकमध्ये बसली आणि पुढची सहा दशके मोटारींत हीच पद्धत रूढ राहिली.

प्लग ही दुकानात मिळणारी, सुटी बदलण्याची वस्तू झाली ती याच काळात. फ्रेंच सायकलपटू आल्बेर शाँपियाँ अमेरिकेत गेला आणि प्लगच्या धंद्यात उतरला. ‘चॅम्पियन’ आणि त्याच्या आद्याक्षरांवरून पडलेले ‘एसी’ हे दोन्ही प्रतिस्पर्धी ब्रँड त्याच्याच नावाचे. फोर्डच्या मॉडेल टीमध्ये वापरला जाणारा चॅम्पियनचा प्लग खोलता येत असे. आतली चिनीमाती तडकली तर तेवढीच बदलायची, काजळी धरली तर घासून पुन्हा जोडायचा. मापांचा मात्र गोंधळ होता. मॉडेल टीला पाइपाच्या अर्ध्या इंची निमुळत्या आट्यांचा प्लग लागे, इतर अमेरिकी गाड्यांत ७/८ इंची आटे असत, तर युरोपात १८ मिलिमीटरचे. पुढे १४ मिलिमीटर हे माप सर्वत्र रुळले, आणि आजच्या लहान इंजिनांत १२ व १० मिलिमीटरचेही प्लग असतात. लांबीचेही तसेच. गरजेपेक्षा लांब प्लग पिस्टनला धडकू शकतो. आखूड बसवला तर हेडमधल्या मोकळ्या आट्यांत कार्बन साचतो.

व्यास आणि लांबी मोजपट्टीने कळते, उष्णता-श्रेणी डोळ्यांना दिसत नाही. प्लगचे टोक सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या खाली राहिले तर त्यावरची काजळी जळून जात नाही. ते ८५० अंशांच्या बरेच वर गेले तर ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटते आणि पिस्टनला भोक पडण्यापर्यंत मजल जाते. म्हणून जोरदार, तापणाऱ्या इंजिनाला उष्णता लवकर बाहेर सोडणारा ‘कोल्ड’ प्लग लागतो आणि संथ इंजिनाला उष्णता धरून ठेवणारा ‘हॉट’ प्लग. बॉशने १९२७ साली हा गुण आकड्यात मांडायला सुरुवात केली. दुर्दैवाने सर्वांनी एकच मोजपट्टी स्वीकारली नाही. जपानच्या एनजीके आणि डेन्सो यांच्या प्लगवर आकडा जितका मोठा तितका प्लग कोल्ड, तर चॅम्पियनवर जितका मोठा तितका हॉट. बॉशने तर स्वतःचीच दिशा उलटवली: जुना १७५ नव्या पद्धतीत ७ झाला आणि त्याहून कोल्ड असलेला २२५ झाला ५. एका कंपनीचा प्लग काढून दुसरीचा बसवताना चुका होतात त्या बहुधा इथेच.

टोकाचे तापमान सांभाळण्यात इन्सुलेटरचा वाटा मोठा. साधी चिनीमाती उष्णतेने तडके, म्हणून विमानांच्या इंजिनांत अभ्रकाच्या चकत्या रचलेले प्लग वापरात आले. १९३०च्या दशकात भाजून घट्ट केलेल्या ॲल्युमिनाचे इन्सुलेटर आले आणि तीच पांढरी माती आजतागायत टिकून आहे.

वायरींचा इतिहास रेडिओशी जोडलेला आहे. सुरुवातीच्या प्लग-वायरींत तांब्याच्या तारा, वर रबर आणि कापडाची वीण असे. १९३०पासून मोटारीत रेडिओ बसू लागले, तशी प्रत्येक ठिणगीगणिक त्यांत खरखर ऐकू येऊ लागली. उपाय म्हणून वायरीत किंवा प्लगमध्येच रेझिस्टर घालण्यात आला, आणि पुढे तांब्याच्या जागी कार्बन मुरवलेल्या धाग्यांचा गाभा आला. गाडीत इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आल्यावर हा रेझिस्टर चैनीचा न राहता आवश्यक झाला, कारण ही खरखर करणाऱ्या ठिणगीच्या रेडिओ लहरी इंजिनाच्या संगणकालाही गोंधळात पाडू शकतात. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९७५च्या मॉडेलांत इलेक्ट्रॉनिक इग्निशन सर्रास दिले. ठिणगीचा दाब वाढला आणि ७ मिलिमीटर जाडीच्या वायरींऐवजी सिलिकॉनच्या ८ मिलिमीटरच्या वायरी आल्या.

भारतात बॉशशी संलग्न ‘मायको’ ही कंपनी १९५१ साली बंगळुरात सुरू झाली आणि स्कूटरवाल्यांच्या डिकीत तिचे प्लग दिसू लागले. पुण्याच्या बजाज ऑटोची चेतक १९७२ साली आली. तिचे टू-स्ट्रोक इंजिन पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइलही जाळत असल्यामुळे प्लगवर ओली काजळी चढे. स्कूटर मिसिंग करू लागली की रस्त्याच्या कडेला प्लग-पान्याने प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, गॅप ठीक करायचा आणि किक मारायची, हे घराघरांतल्या पुरुषांना ठाऊक झालेले कसब होते. १९८३च्या मारुती ८००ला तीन प्लग आणि कॉइलची धरून चार वायरी होत्या. पावसाळ्यात ती सुरू होईना तर मेकॅनिक आधी कॉइलची वीज प्लगांना वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरची कॅप कोरडी करत आणि अंधारात बॉनेट उघडून कुठल्या वायरीतून निळसर ठिणगी गळते ते पाहत. फेब्रुवारी २०००पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले आणि प्लगवर साचणारे शिशाचे थर बंद झाले. बजाजने २००३ साली पल्सरच्या एका सिलिंडरला दोन प्लग दिले, म्हणजे बदलतानाही दोन घ्यावे लागले.

दरम्यान झीज कमी करण्यासाठी टोकाला निकेलऐवजी प्लॅटिनम आले, नंतर इरिडियम. इरिडियम २,४०० अंशांहून अधिक तापमानाला वितळते, त्यामुळे त्याचे टोक अवघ्या ०.४ मिलिमीटरचे ठेवता येते. बारीक टोकावर कमी दाबातही ठिणगी पडते. असे प्लग कित्येक गाड्यांत लाखभर किलोमीटर चालतात. अनेक नव्या इंजिनांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसते आणि लांब वायर उरलेलीच नाही. सीएनजी पेटवायला जास्त दाबाची वीज लागते, म्हणून त्या गाड्यांत गॅप बहुधा कमी ठेवतात आणि प्लग लवकर बदलतात.

काढलेला प्लग इंजिनाची हकिकत सांगतो. टोक फिकट तपकिरी असेल तर सारे ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा प्लग फार कोल्ड, तेलकट ओल म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील झिजलेले, आणि पांढरे पडलेले, फोड आलेले टोक म्हणजे इंजिन अति तापते किंवा प्लग फार हॉट.

महागडा प्लग इंजिनाची ताकद आपोआप वाढवत नाही. गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेला कोडच आधी पाहावा आणि दुसऱ्या कंपनीचा घ्यायचा तर आकडा मिळवून न पाहता तिचा तुलना-तक्ता वापरावा. प्लग संचानेच बदलावेत. वायरी एकेक करून बदलाव्यात, म्हणजे त्यांचा क्रम चुकत नाही, आणि काढताना वायर न ओढता तिची टोपी धरावी.