लांबच्या सायकल प्रवासाहून घरी परतल्यावर: पहिल्या दोन आठवड्यांत काय पाहावे?

महिना-दीड महिना एकट्याने सायकल चालवून तुम्ही ताडकळसला परत आला आहात. परभणीकडून सायकलवरच आला असाल, किंवा शेवटचा टप्पा रेल्वेने करून पूर्णा जंक्शनला उतरला असाल. घरच्यांनी ओवाळले, गावातली माणसे भेटून गेली आणि आता सगळे म्हणतात, ‘झोपू द्या त्याला चार दिवस.’ विश्रांती हवीच. पण काही त्रास प्रवासात दबून राहतात आणि घरी आल्यावर वर येतात. त्यातले बहुतेक आपोआप बरे होतात, दोन-तीन मात्र जिवावर बेतू शकतात. त्यांच्यापासूनच सुरुवात करू.

एकाच पायाची पोटरी दुखते आहे का?

दोन्ही मांड्या आणि पोटऱ्या सारख्याच दुखत असतील तर ते बहुधा स्नायूंचे दुखणे असते आणि चार-सहा दिवसांत उतरते. एकच पोटरी सुजली, दाबल्यावर दुखते, दुसऱ्यापेक्षा गरम किंवा लालसर वाटते, असे असेल तर शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका घ्यावी लागते. अनेक दिवसांचे श्रम, अंगात पाणी कमी आणि त्यावर परतीचा वीस-तीस तासांचा रेल्वे किंवा बसचा बैठा प्रवास, यांतून असे होऊ शकते.

आपल्याकडे पाय दुखला की तेल लावून चोळायची पद्धत आहे. आई किंवा आजी प्रेमाने चोळायला बसते. अशी सुजलेली पोटरी कृपया चोळू नका. गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पायाच्या शिरांची डॉप्लर सोनोग्राफी करून निदान होते. अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडले किंवा चक्कर येऊन माणूस पडला, तर वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

लघवी काळ्या चहासारखी झाली आहे का?

उन्हात अतिश्रम झाले की स्नायूंच्या पेशी फुटतात आणि त्यातले द्रव्य रक्तात उतरून मूत्रपिंडांवर ताण आणते. लघवी गडद तपकिरी होते किंवा कमी होते, स्नायू खूप दुखतात, हातपाय उचलायला जड जातात. शेवटच्या दिवशी ‘आता घर गाठायचेच’ म्हणून नेहमीपेक्षा दीडपट अंतर तोडले असेल, तेही मराठवाड्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात, तर हा धोका वाढतो. २०२० च्या टाळेबंदीत अनेक मजूर सायकलवर शेकडो किलोमीटर कापून गावी परतले. त्यांनी हौस म्हणून सायकल काढली नव्हती, पण उन्हाचा आणि अपुऱ्या पाण्याचा ताण शरीराला तोच.

अशी लघवी दिसली तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. रक्तात सीपीके, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पाहिले जाते. तोपर्यंत डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मुळीच घेऊ नका; मूत्रपिंडांवरचा भार त्या वाढवतात. मेडिकलमधून ‘अंगदुखीची गोळी’ म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांमध्ये बऱ्याचदा हेच औषध असते.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. परतल्यावर आठवडाभरात ‘सगळ्या तपासण्या’ करून घेतल्या तर एसजीओटी वाढलेले दिसू शकते. ते यकृताप्रमाणेच स्नायूंमधूनही येते. केवळ तेवढ्यावरून काविळीचे औषध सुरू करू नका. प्रवासाबद्दल डॉक्टरांना सांगा.

हाताला मुंग्या, बैठकीला बधिरपणा

करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर राहणे हे लांबच्या सायकलस्वारांचे ठरलेले दुखणे. हँडलवर तळहाताचा भार पडून मनगटाजवळची नस दबते. सायकल थांबवली की काही आठवड्यांत, क्वचित दोन-तीन महिन्यांत, ते कमी होते. शर्टाची बटणे लावता येत नसतील किंवा कुलपात किल्ली फिरवताना बोटांना जोर मिळत नसेल, तर थांबू नका, दाखवा.

बैठकीच्या जागचा बधिरपणा सांगायला लोक लाजतात. पुरुषांना काही दिवस लिंगाला ताठरता येण्यात अडचणही येऊ शकते. सीटच्या दाबाने हे होते आणि बहुतेकदा ओसरते. दोन-तीन आठवड्यांत फरक नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. मात्र बधिरपणाबरोबर लघवी अडली, लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, किंवा पाय लुळे वाटू लागले तर ती तातडीची बाब आहे.

सीटमुळे आलेले फोड पिळू नका. जागा कोरडी ठेवा, सैल सुती कपडे घाला. फोड वाढला, ताप आला किंवा तुम्हाला मधुमेह असेल तर उपचार लवकर घ्या. पडून खरचटले असेल, जखमेत माती गेली असेल आणि धनुर्वाताचे शेवटचे इंजेक्शन पाच वर्षांपूर्वीचे असेल तर ते पुन्हा घ्यावे लागते.

ताप आला तर आधी प्रवास सांगा

मलेरियाची लक्षणे डास चावल्यानंतर आठवड्याने किंवा त्याहून उशिरा दिसतात. त्याचा एक प्रकार काही महिन्यांनीही डोके वर काढतो. गवतात, झुडपांजवळ तंबू टाकून झोपला असाल तर बारीक किड्याच्या चाव्यातून स्क्रब टायफस होऊ शकतो. काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली काळी खपली आहे का ते पाहा. ती दुखत नाही, म्हणून लक्षात येत नाही. डॉक्टरांना ताप दिसतो. तुम्ही गडचिरोलीतून की ओडिशातून आलात, हे सांगितल्याशिवाय कळणार नाही.

मदतनीस बरोबर असतील तर ही आठवण ठेवायला कोणीतरी असते. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. त्या शर्यतीत सायकलस्वार एकच असला तरी मागे मदतनीसांचा चमू असतो. खाणे, पाणी, झोप यांकडे तो लक्ष ठेवतो. तुमच्यामागे कोणी नव्हते. म्हणून आठवते आहे तोवर वहीत लिहून काढा: कुठे मुक्काम केला, कुठे पडलात, कोणत्या गोळ्या घेतल्या.

मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर

रोजच्या श्रमाने साखर उतरते, म्हणून प्रवासात अनेकांचा इन्सुलिनचा किंवा गोळ्यांचा डोस कमी केलेला असतो. परतल्यावर पहिले एक-दोन दिवस हा परिणाम टिकतो. रात्री घाम, थरथर, भूक लागून जाग आली तर आधी साखर तपासा, यंत्र नसेल तर थेट साखर खा. नंतर मात्र श्रम थांबतात, भूक तेवढीच राहते आणि साखर चढते. दोन आठवडे उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर लिहून ठेवा आणि डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्या. रक्तदाबाच्या गोळ्यांचेही तसेच.

एकदम थांबू नका

पहिले सात-दहा दिवस रोज अर्धा तास चाला किंवा हळू सायकल चालवा. पाठ वाकवून करायची शेतातली कामे, पोती उचलणे हे आठवडाभर टाळा. पाय कणखर झाले असले तरी कमरेला त्या कामाची सवय राहिलेली नसते.

आणि मन?

याबद्दल कुटुंबीयांना फारच थोडे सांगितले जाते. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी यांनी २०१८ मध्ये १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवून जगप्रदक्षिणेचे अंतर पुरे केले, त्यातले बहुतेक एकटीने. तुमचा प्रवास त्याच्या विसाव्या हिश्शाचा असेल, तरी रस्त्यावरचा दिवस तसाच असतो: आज किती किलोमीटर, पाणी कुठे, रात्री कुठे. घरी आल्यावर हे प्रश्न एका दिवसात संपतात. सत्कार होतो, आणि दुसऱ्या दिवसापासून रिकामेपण, चिडचिड, रात्री झोप न लागणे सुरू होते. हा आळस किंवा माज नव्हे.

घरच्यांनी ‘आता पुढे काय?’ हा प्रश्न पंधरा दिवस बाजूला ठेवावा. त्याऐवजी वही काढायला सांगा, एका-एका मुक्कामाची गोष्ट ऐका. त्याला एकट्याने बसावेसे वाटले तर बसू द्या, जेवायला मात्र सगळ्यांबरोबर बोलवा. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, जेवण तुटले किंवा दारू वाढली, तर डॉक्टरांशी बोला. जगणे नकोसे वाटते असे शब्द आले तर त्याच दिवशी बोला आणि त्याला एकटे सोडू नका. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.

पुन्हा लांबचा प्रवास करायचा असेल तर हाताच्या मुंग्या पूर्ण गेल्यावर आणि बैठकीची कातडी भरून आल्यावरच निघा. निघण्यापूर्वी सीटची उंची आणि हँडलचे अंतर जाणकाराकडून मापून घ्या.